दर्शनी बाजू

मिरजेत वाद्याला पॉलिश करायचंय म्हटलं की समोरच्याचं उत्तर ठरलेलं असतं, "सतारमेकर गल्लीत जा की." त्यात चूक काही नाही. शस्त्रांना धार लावून देणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इथे तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली, तेव्हापासून हे काम या गावात अखंड चाललंय. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर इथल्याच दर्ग्याच्या आवारात आहे. अशा गावात इलेक्ट्रिक गिटार काखोटीला मारून निघालं की लोक आधी गिटारकडे बघतात, मग आपल्याकडे बघतात आणि मग विचारतात, "ह्याचा भोपळा कुठाय?"

भोपळा नाही, पोकळीही नाही. आहे तो पावणेदोन इंच जाडीचा भरीव लाकडी तुकडा. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एका पोराकडून जुनी गिटार घेतली होती. काळा कुळकुळीत रंग, तोही असा जाड की नखाने टोकरलं तरी ढिम्म. पण कडांना पोपडे सुटले होते. हीट गनने तापवून पत्र्याच्या उलथण्याने तो रंग काढला. हल्लीच्या स्वस्त गिटारींवर पॉलिएस्टरचा थर असतो आणि तो तापला की तुकड्या-तुकड्यांनी निघतो. वास मात्र डोक्यात जातो. मास्क लावून, गच्चीवर, वारा येतो त्या दिशेला पाठ करूनच हे काम करावं. त्याखाली तांबूस तपकिरी लाकूड निघालं. महोगनीच असावं. या नावाखाली बाजारात दुसरीही लाकडं खपवतात, पण पुढे जे सांगणार आहे त्यात त्याने फारसा फरक पडत नाही.

पॉलिश पेपरने घासून लाकूड गुळगुळीत झालं. बोटाला तरी तसं वाटलं. मग अंधारात टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून आडवा धरला. हा उद्योग ज्याने केला नसेल त्याने घरातल्या एखाद्या लाकडी फळीवर जरूर करून बघावा. बोटाला सपाट लागणाऱ्या त्या पृष्ठभागावर शेकडो बारीक चर होते. प्रत्येक चर दोन-चार मिलिमीटर लांबीचा, सुईच्या टोकाहून अरुंद, सगळे एकाच दिशेने निघालेले. एका कडेला सावली, दुसऱ्या कडेला उजेड. गिटारच्या शिंगांपाशी, म्हणजे दांड्याच्या बाजूला पुढे आलेल्या टोकांपाशी, लाकूड आडवं कापलं गेलंय, तिथे हेच चर टिपक्यांसारखे दिसत होते, कारण तिथे त्यांची तोंडंच उघडी पडतात.

झाड जिवंत असताना मुळांकडून पानांकडे पाणी नेणाऱ्या या नळ्या. फळी चिरताना करवत त्यांना उभं फाडते आणि नळीचा अर्धा भाग चर म्हणून वर राहतो. सगळ्याच झाडांच्या नळ्या इतक्या जाड नसतात. मेपलच्या नळ्या डोळ्यांना दिसतही नाहीत. ॲशमध्ये त्या वर्षाच्या सुरुवातीच्या वाढीत दाटीने येतात आणि नंतरच्या वाढीत बारीक होतात, म्हणून ॲशची फळी पट्ट्यापट्ट्यांची दिसते. आपल्या सागवानाचं तसंच आहे. जुन्या वाड्याच्या दारावर पॉलिश उडालेलं असेल तिथे हात फिरवला की त्या पट्ट्या बोटाला कळतात. महोगनीच्या नळ्या मात्र फळीभर सारख्या पसरलेल्या असतात. गंमत म्हणजे महोगनी, सतारीला लागणारं तून आणि दारातला कडुनिंब ही तिन्ही झाडं वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने एकाच कुळातली. हल्ली 'एकरी लाखो कमवा' म्हणून महोगनी लागवडीच्या जाहिराती आपल्याकडे उसाच्या फडाशेजारी दिसतात, तीही त्याच खानदानातली. लाखो मिळतात की नाही ते लावणाऱ्यांनी सांगावं.

तर हे चर भरायचे. का, हा प्रश्न मला सुरुवातीपासून छळत होता, आणि याचं उत्तर गिटारवाल्यांकडे मागू नये असं माझं ठाम मत झालंय. ते लगेच आवाजावर येतात. छिद्रं भरली तर लाकूड 'श्वास' घेत नाही, जाड थराने 'टोन' दबतो, अमुक पॉलिशने तो खुलतो. पोकळ वाद्याबद्दल हे बोलणं मी समजू शकतो. सतारीची तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी झाकणी, पातळ असते, तीच थरथरते, तिच्यावर काय फासलं याला अर्थ आहे. इलेक्ट्रिक गिटारमध्ये पोलादी तार लोहचुंबकावर गुंडाळलेल्या तांब्याच्या वेटोळ्यांसमोर (यालाच पिकअप म्हणतात) हलते, चुंबकीय क्षेत्र हलतं, वेटोळ्यांत वीज तयार होते आणि ती वायरीतून ॲम्प्लिफायरकडे जाते. 1940 च्या सुमारास अमेरिकी गिटारवादक लेस पॉल यांनी चौकोनी लाकडी ओंडक्यावर तारा आणि पिकअप बसवून वाजवून दाखवलं होतं. लोकांना ते ध्यान बघवेना म्हणून त्यांनी ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या गिटारचे अर्धे-अर्धे पंख जोडले. ते पंख ऐकणाऱ्यांसाठी नव्हते, बघणाऱ्यांसाठी होते.

छिद्रं भरण्याचंही तेच. हा डोळ्यांचा मामला आहे. चकचकीत पृष्ठभागात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ दांडीसारखं पडायला हवं असेल तर खाली एकही चर उघडा चालत नाही. प्रत्येक चराशी थर किंचित खाली वाकतो आणि प्रतिबिंबाची कड दातेरी होते. मॅट किंवा नुसतं तेलाचं फिनिश असेल तर प्रतिबिंबच नाही, मग दातेरी कशाची होणार? तिथे चर उघडे राहिले तर उलट लाकूड लाकडासारखं दिसतं. म्हणजे आधी चकाकी हवी की नको ते ठरवायचं आणि मगच भरणीचं नाव काढायचं. बहुतेक लोक हे उलट्या क्रमाने करतात. आधी फिलर मागवतात.

फेंडर कंपनीच्या सुरुवातीच्या गिटारी ॲशच्या असत. 1956 च्या सुमारास तिच्या स्ट्रॅटोकास्टर नावाच्या बहुतेक गिटारी अल्डरच्या लाकडाच्या होऊ लागल्या. अल्डर सहज मिळायचं आणि त्याला छिद्रं भरायची कटकट नव्हती. कारखान्याच्या दृष्टीने भरणी म्हणजे एक जादा पायरी, जादा मजूर, जादा वाळवण. घरी एक गिटार करणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. ज्या पायरीपासून कारखाने सुटका करून घेतात ती गच्चीवर तासाभरात उरकेल अशी आशा धरू नये.

परदेशी व्हिडिओंत फिलरचे, म्हणजे तयार भरणीचे, जे डबे दाखवतात ते इथे सहज मिळत नाहीत आणि मागवले तर कुरिअरसकट किंमत गिटारच्या जवळ जाते. काहीजण पातळ इपॉक्सी ओतून पत्त्याने पसरवतात. ते आकसत नाही हे खरं, पण घासताना खांदा निखळतो. भुसा आणि पांढरा गोंद कालवून फासण्याचा सल्लाही सर्रास मिळतो. तो भेगेला ठीक. असल्या बारीक चरांत तो लगदा धड शिरत नाही, आणि जिथे गोंद पसरतो तिथे नंतर पॉलिश चढत नाही, फिकट डाग राहतो. म्हणून शेवटी चाचांकडे गेलो.

चाचा फर्निचर पॉलिशवाले. स्टेशनच्या बाजूला एका बोळात त्यांची पत्र्याची शेड आहे. कधीमधी गल्लीतून तानपुराही हाताखाली येतो, पण मुख्य धंदा कपाटं, पलंग आणि लग्नातली दिवाणं. 2019 च्या पुरात सांगलीतल्या भावाच्या दुकानातला माल भिजलेला त्यांनी बघितलाय, तेव्हापासून डबे, लाखेच्या पिशव्या सगळं माळ्यावर. शिडीवरून उतरतच ते बोलतात.

गिटार उलटीपालटी करून त्यांनी अंगठ्याचं नख चरांवरून आडवं ओढलं. टर्रर्र असा बारीक आवाज आला.

"ऐकलं का सर? नसा मोकळ्या हायत सगळ्या. वरनं किती बी पॉलिश वता, खाली जिरतंयच. भिताडाला लांबी न भरता रंग मारतासा व्हय?"

"मग काय घालायचं चाचा?"

"काय घालायचं म्हंजे? जे आमचा बा घालायचा त्येच."

ते म्हणजे चॉक पावडर, काव, चिमूटभर काळी पावडर आणि पातळ केलेलं चपडा लाखेचं पॉलिश. रंगाच्या दुकानात हे सगळं किलोने आणि पावशेराने मिळतं, पुडीत बांधून. लाख ही तर आपल्याकडचीच वस्तू. झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो राळेसारखा थर करतात तो खरवडून, वितळवून, पापुद्रे पाडून विकतात, आणि झारखंडात तिचं मोठं उत्पादन होतं. स्पिरिटमध्ये ती रात्रभर विरघळते. लाखेचा मोठा गुण म्हणजे ती जवळजवळ कशालाही चिकटते आणि तिच्यावर जवळजवळ काहीही चिकटतं.

पण चाचांनी मिश्रणाला हात लावायच्या आधी दोन कामं केली, आणि माझ्या मते सगळा पदार्थ त्या दोन कामांत आहे. पहिलं, जुन्या टूथब्रशने चरांच्या दिशेने घासून आतला भुसा काढला. घासताना उडालेली भुकटी नेमकी त्याच चरांत दडपून बसते, मग भरणीला जागाच उरत नाही. ती वर बसते, भरल्यासारखी दिसते आणि पुढच्या घासणीत निघून जाते. दुसरं, नुसत्या पातळ लाखेचा एक हात सगळीकडे फिरवला. इतका पातळ की चर बुजू नयेत, पण सपाट भाग मात्र झाकला जावा. असं केलं नाही तर काव आणि काळी पावडर सगळ्या लाकडात मुरून गिटार मळकट होते. रंग हवा फक्त चरात. शिंगांच्या टोकांना, जिथे नळ्यांची तोंडं उघडी असतात, तिथे त्यांनी लाखेचा आणखी एक हात दिला. तिथलं लाकूड सगळ्यात तहानलेलं.

मग कालवण. पळीवरून संथ ओघळेल इतपत. मलमलीच्या बोळ्याने गोल-गोल, दाबून, जणू काही घाई नाही अशा चालीने. अर्धा भाग झाला की जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने वरचा थर तिरका ओढून काढायचा. तिरका म्हणजे चरांना छेद देत. चरांच्या दिशेने ओढला तर कार्डाची कड चरात उतरते आणि भरलेलं परत उकरून आणते. वरची ओल उडून पृष्ठभाग धुरकट दिसू लागला की चाचांनी गोणपाटाचा तुकडा उचलला आणि आडवा घासायला सुरुवात केली. त्या क्षणाची वेळ त्यांच्या हाताला माहीत आहे, घड्याळाला नाही. लवकर घासलं तर ओलं कालवण चरातून ओढलं जातं. उशीर झाला तर लाख धरते आणि मग गोणपाट नुसतं वरून सरकतं, स्पिरिटचं बोट लावल्याशिवाय सुटत नाही. शिंगांजवळच्या वळणात गोणपाट पोचत नव्हतं तिथे अंगठ्याला चिंधी गुंडाळून त्यांनी एकेक इंच पुसला. खाली पडलेल्या चुऱ्याचा रंग विटकरी तपकिरी.

आम्ही एका गोष्टीवरून बराच वाद घातला आणि तो रंगावरून होता. भरणीचा रंग हीच माझ्या लेखी या कामातली एकमेव मोठी निवड आहे, बाकी सगळी मेहनत. लाकडाच्या रंगाचीच भरणी घातली तर चर नाहीसे होतात, लाकूड एकजीव दिसतं, फर्निचरवाल्यांना हेच आवडतं. लाकडाहून गडद घातली तर चर बुजतातही आणि दिसतातही, प्रत्येक रेघ काजळ घातल्यासारखी उठून येते. आणि रंग न घालता नुसती चॉक पावडर घातली तर वाळल्यावर तांबूस लाकडात पांढऱ्या टिपक्या पडतात. ॲशवर लोक मुद्दाम तसं करतात, मला ते नापसंत. चाचांचं म्हणणं एकजीव करावं. "गिऱ्हाइकाला लाकूड दिसलं पायजे, लाकडाची भोकं न्हाई." मला भोकंच हवी होती. ज्यातून एके काळी पाणी चढलं त्या वाटा बुजवायच्याच आहेत, तर निदान त्यांचा ठावठिकाणा तरी राहू दे. शेवटी आतल्या खाचेत, जिथे वायरिंग बसतं आणि वरून झाकण येतं, तिथे दोन्ही रंगांचे पट्टे मारून बघितले. काळी पावडर वाढवली. चाचांनी मान हलवली ती होकाराची होती असं म्हणवत नाही.

इथून पुढे वाट बघणं. भरणीतलं स्पिरिट उडून गेलं की ती आकसते आणि चरात खाली बसते. आज काठोकाठ भरलेला चर काही दिवसांनी पुन्हा उथळ खळगा झालेला असतो. म्हणून एकदा भरून, वाळवून, अलगद घासून पुन्हा भरतात. वर लॅकर, म्हणजे फवारून मारायचं चकचकीत पॉलिश, मारलं तरी हीच कथा. गनमधून फवारण्यासाठी पातळ केलेल्या लॅकरमध्ये थिनरचाच भरणा जास्त. ते उडत राहतं, थर बारीक होत राहतो आणि चरांवर किंचित वाकतो. हे आठवडेच्या आठवडे चालतं. पन्नास-साठच्या दशकातल्या महोगनी गिटारी उजेडात तिरक्या धरल्या तर लॅकरवर चरांच्या पुसट रेघा दिसतात. कारखान्यातून निघताना त्या आरशासारख्या असणार. म्हणून घाई करणाऱ्याचं काम पहिल्या दिवशी सगळ्यात छान दिसतं. आईचा रोजचा प्रश्न असे, "अजून तसंच लटकवलंय? झालंय की चांगलं." गच्चीच्या दाराला तारेने टांगलेली गिटार आणि शेजारच्या दोरीवर वाळत घातलेले कपडे, दोघांना ऊन सारखंच मिळत होतं. ती म्हणते त्यात तथ्य होतं, लांबून ते झालेलंच दिसत होतं.

त्यात पावसाळा. सांगली-मिरजेवर पाऊस कोकणासारखा कोसळत नाही. कृष्णा फुगते ती वर कोयनेला आणि महाबळेश्वराला पडतं म्हणून. पण जुलै-ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट असते की डब्यातलं मीठ ओघळतं. अशा हवेत लॅकर मारलं की ते पांढुरकं पडतं. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि ते पाणी थरात अडकतं. गाड्या रंगवणाऱ्यांना हे पाठ असतं. सांगली-मिरज रस्त्यावरच्या ज्या पेंटरकडे फवारणी करायची होती त्याने तारीख विचारायच्या आधी आभाळाकडे बघितलं. सावकाश उडणारं थिनर घालून मारता येतं, म्हणाला, पण घाई कशाला? गिटार आणि मोटारीचं नातं तसंही जुनं. नायट्रोसेल्युलोज लॅकर 1920 च्या दशकात अमेरिकेत मोटारींसाठी आलं आणि पुढे गिटारच्या कारखान्यांनी मोटारींच्याच रंगांच्या तक्त्यातले रंग वापरले. त्यामुळे डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये दोन अल्टोंच्या मधे माझी गिटार टांगलेली बघून मला काही विचित्र वाटलं नाही. पेंटरच्या पोराला वाटलं. त्याने तिच्याबरोबर सेल्फी काढला.

पाऊस उघडल्यावर दर्शनी बाजूला लॅकर चढलं. पाणी पेपर, मग रबिंग कंपाउंड, हे सगळे सोपस्कार झाले. ट्यूबलाइटची दांडी आता पुढच्या बाजूवर सरळ पडते, शिंगाच्या टोकाला जरा थरथरते. तिथल्या तहानलेल्या टिपक्यांनी अजून थोडं ओढून घेतलंय. काळ्या रेघा लाखेखालून आणि लॅकरखालून स्वच्छ दिसतात.

पाठ मात्र मी भरली नाही. गिटारची पाठ पोटाला लागते आणि तिचा दांडा तळहातात असतो. दोन्ही ठिकाणी घाम येतो. चकचकीत दांड्याला घामेजला हात चिकटतो आणि वर-खाली सरकताना अडखळतो. तिथे बघणारं कुणी नाही, फक्त हात आहे, आणि हाताला उघडे चर मुळीच खुपत नाहीत. म्हणून पाठीला आणि दांड्याला जवसाचं तेल जिरवून, पुसून, वाळवून सोडून दिलं. टॉर्च आडवा धरला तर तिथे सगळ्या नळ्या जशाच्या तशा.

चाचांना हे पटलेलं नाही. त्यांच्या मते पुढून आरसा आणि मागून कोरडं लाकूड हे अर्धवट काम, आणि अर्धवट काम त्यांच्या शेडमधून गेलं तर बोळात नाव निघतं. मी म्हटलं, चाचा, कपाटाची मागची बाजू तुम्ही तरी कुठे भरता? ती भिंतीला लावलेली असते.

"कपाट भितीला असतंय," ते म्हणाले. "ह्ये काय भितीला लावणार हाईस का वाजवणार?"

मी म्हटलं, वाजवणार, म्हणूनच.

त्यांनी कालवणाचा उरलेला अर्धा डबा, वर स्पिरिट ओतून, माझ्या नावाने माळ्यावर ठेवून दिलाय. बाजारात भेटले की विचारतात, मागचं कधी भरायचं सर, वाळून जाईल ते.